आधी कॅसेटचा खटका बघ

काल रात्री फोनवर तू म्हणालीस, "ताई, कॅप्चर दर वेळी मधेच थांबतंय. कॅसेटच खराब दिसते. परत देऊन टाकू का?" घरात पाहुणे होते, म्हणून मी नुसतं "घाई करू नको" म्हणून फोन ठेवला. आज दुपारी निवांत बसून लिहिते आहे. चहा कर आणि सावकाश वाच.

कॅसेट परत देऊ नकोस. ती बाई मांढळवरून एसटीनं आली, जुन्या साडीच्या तुकड्यात चार कॅसेटी गुंडाळून आणल्या आणि देताना "जपजो बाई" म्हणाली, हे तूच मला सांगितलंस. अशा बाईला "खराब आहे" हे सांगायच्या आधी आपली स्वतःची खात्री व्हायला हवी. तुझी अजून झालेली नाही.

मला एवढंच सांग, थांबतंय ते नेमकं कुठं? यावरून अर्धं निदान होतं. वही काढ, घड्याळ समोर ठेव आणि तीन वेळा तीच कॅसेट लाव.

दर वेळी एकोणीस-वीस मिनिटं झाली की थांबत असेल, मग कॅसेट कुठूनही सुरू केलेली असो, तर दोष डिस्कचा. मिनी डीव्हीचं एक तासाचं चित्र संगणकात साधारण १३ जीबी जागा खातं. तुझी बाहेरची हार्डडिस्क जुन्या फॅट-३२ पद्धतीनं तयार केलेली असेल, तर तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. तेवढी जागा वीस मिनिटांत भरते आणि गाडी अडते. डिस्कवरचं सगळं दुसरीकडे हलव, ती एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट कर, संपलं. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत याच कारणापायी मी चांगल्या कॅसेटींना दोष देत बसले होते.

घड्याळ काहीही दाखवो, पण कॅसेटवरच्या त्याच जागी थांबत असेल, म्हणजे हळद संपून नवरदेव निघतो तिथंच, तर ते टाइमकोडचं दुखणं. कॅमेरा प्रत्येक चित्राला तास, मिनिट, सेकंद आणि चित्राचा क्रमांक देत जातो. शूटिंगवाल्यानं मधे कॅसेट मागे घेऊन पाहुण्यांना हळदीचं शूटिंग दाखवलं असणार. मग पुन्हा रेकॉर्डिंग सुरू करताना थोडी कोरी पट्टी सुटली. कोऱ्या पट्टीनंतर कॅमेरा क्रमांक पुन्हा शून्यापासून मोजतो. संगणकाला वाटतं कॅसेट संपली किंवा काही गफलत झाली, आणि तो हात वर करतो. तू संगणकाकडून कॅमेरा चालवणं बंद कर. कॅमेऱ्याचं बटण स्वतः दाब, कोरी जागा ओलांडून पाच-सात सेकंद पुढं गेलीस की कॅप्चर सुरू कर. दोन तुकडे दोन फाइलींत घे. नंतर जोडता येतात.

आणि कधी इथं, कधी तिथं थांबत असेल, तर संगणकाची दमछाक होते आहे. टेप कुणासाठी थांबत नाही. सेकंदाला २५ चित्रं, साधारण ३.६ एमबी, ती देतच राहते. त्याच वेळी अँटिव्हायरस डिस्क तपासायला लागला, डिस्क काठोकाठ भरलेली असली किंवा वायर सैल असली, की मधली चित्रं गळतात. इंटरनेट बंद कर, बाकीचं सगळं बंद कर, लॅपटॉप असेल तर तो चार्जरला लाव, आणि विंडोज ज्या डिस्कवर आहे तिच्यावर कॅप्चर करू नको.

यात एकच पथ्य आहे. एका वेळी एकच गोष्ट बदल. काल तू वायर बदललीस, सॉफ्टवेअर बदललंस आणि डिस्कही बदललीस, तेही एकाच वेळी. आता ते चाललं असतं तरी कशामुळे चाललं, हे तुला कळलं नसतं, आणि पुढच्या कॅसेटीला पुन्हा तिथंच येऊन बसली असतीस.

आता कॅसेटवर उतरवण्याबद्दल थोडं सांगते. हल्ली कुणी कॅसेटवर उतरवत नाही, मग हे कशाला, असं तुला वाटेल. पण तुझ्याकडे आलेल्या कॅसेटी नीट बघ. बऱ्याच कॅसेटींत सुरुवातीला गणपती, फुलांची चौकट, 'शुभविवाह' आणि नवरानवरीची नावं येतात ना? अशी कॅसेट शूटिंगची नाही, मिक्सिंग करून उतरवलेली मास्टर आहे. आमच्या काळात ४०-८० जीबीच्या डिस्कवर सगळा कारभार चालायचा. एका लग्नाचं तीन-चार तासांचं शूटिंग म्हणजे चाळीस-पन्नास जीबी गेले, आणि परवा दुसरं लग्न उभं. म्हणून मास्टर तयार झाली की डिस्क रिकामी करायची आणि शूटिंगच्या कॅसेटी पुढच्या लग्नाला पुन्हा वापरायच्या. सगळेच तसं करत. घरोघरी आज जे उरलं आहे ते बहुतेक आम्ही उतरवून दिलेलं शेवटचं रूप आहे. त्याच्या मागं जायला काही नाही. त्यातले दोष बरेचदा उतरवताना पडलेले आहेत, म्हणून ते कसे पडतात हे तुला माहीत असावं.

उतरवायचं म्हणजे टाइमलाइनवरचं सगळं संगणकानं वायरीतून कॅमेऱ्याला द्यायचं आणि कॅमेऱ्यानं ते टेपवर लिहायचं. घेतानाची अडचण देतानाही तीच. नावाची पाटी, गुलाबाची डिझाइन, एकातून दुसऱ्यात विरघळणारं चित्र, यातलं काही रेंडर करायचं राहिलं असलं की संगणक त्या जागी मागं पडायचा आणि टेपवर चित्र दचकायचं. म्हणून आधी सगळं रेंडर करायचं. नवीन कॅसेट असेल तर लेन्सला झाकण लावून ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत काळी रेकॉर्ड करायची, म्हणजे टाइमकोड सलग राहतो. आरंभी अर्धा मिनिट काळं सोडायचं, कारण टेपला वेग धरायला काही सेकंद लागतात. हे न करता पहिल्या सेकंदापासून उतरवलं की गणपतीचं अर्धं चित्र गायब. तुझ्या कॅसेटींत कुठं आरंभच तुटका असेल, तर तो असा गेलेला आहे. तो शोधत बसू नको.

त्यात आपल्याकडची लाइन. दिवसा लोडशेडिंग असायचं, म्हणून उतरवायचं काम रात्री. पन्नास मिनिटांच्या कॅसेटीला पन्नास मिनिटं जागेवर बसायचं. पस्तिसाव्या मिनिटाला लाइन गेली की पुन्हा पहिल्यापासून. कुणाकुणाला तेवढा धीर नसायचा, ते तुटल्या जागेपासून पुढं जोडून द्यायचे. तुला मधेच निळा पडदा आणि शून्यावर गेलेला टाइमकोड दिसेल, तेव्हा त्या रात्री कुणाच्या तरी गावात लाइन गेली असेल असं समज.

आता एक गोष्ट सांगते, ती मी फार थोड्या लोकांना सांगितली आहे.

अशाच एका रात्री माझ्या टेबलावर दोन कॅसेटी होत्या. एक कोरी, एक गिऱ्हाइकाच्या साक्षगंधाची, तिच्यातला थोडा भाग लग्नाच्या कॅसेटीत घालायला आणलेली. तो भाग घेऊन झाला होता. मी कोरी समजून साक्षगंधाची कॅसेट कॅमेऱ्यात घातली आणि उतरवायला सुरुवात केली. कॅमेऱ्यानं काही विचारलं नाही, तो विचारत नसतोच. चाळीस सेकंदांनी माझं लक्ष दुसऱ्या कॅसेटीच्या पाठीवरच्या चिठ्ठीकडे गेलं. मी बंद केलं, पण त्या चाळीस सेकंदांच्या जागी माझ्या कॅसेटीचा काळा पडदा आणि गणपती येऊन बसला होता. तिथं त्या मुलीची आजी अंगणात उभं राहून पाहुण्यांना या म्हणत होती. मागं घर, घरामागं निंब.

सकाळी मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. मुलीचे वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाकीचं आहे ना?" मी कामाचे पैसे घेतले नाहीत, पण पैशानं भरून येणारं ते नव्हतं. आजी पुढच्या वर्षी गेली. आणि ते गावही पुढं उठलं.

गोसीखुर्द धरणाचं तुला सांगायला नको. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली, धरण झालं तिकडे भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यात, पण त्याचं पाणी वैनगंगेतून मागं सरकत आपल्या कुही तालुक्यातल्या गावांवर आलं. माणसं नव्या वसाहतींत गेली. आज पोरंपोरी आंभोऱ्याच्या नव्या पुलावर रील काढायला जातात, चांगलंच आहे. पण ज्या गल्ल्या, जे पार, ज्या विहिरी पाण्याखाली गेल्या, त्यांचं हलतं चित्र आता कुठं असेल तर या लग्नांच्या कॅसेटींत. शूटिंगवाल्यानं काही गावाचं शूटिंग करायचं ठरवलं नव्हतं. वरातीच्या मागं गाव आपोआप आलं.

म्हणून दोन गोष्टी माझ्या मनात पक्क्या आहेत. कॅसेट हातात आली की सगळ्यात आधी तिच्या पाठीवरचा छोटा खटका 'सेव्ह'कडे सरकव. बोलणं, पैसे, पावती नंतर. व्हीएचएस असेल तर मागची पट्टी तुटलेली आहे का बघ, नसेल तर कॅसेटवाल्यांना विचारून तोड. आणि दुसरं, वरात कापू नको. "लांबलचक आहे, कोण बघतं" असं म्हणून तरुण मुलं वरात, पंगत आणि मांडवातली गर्दी काढून टाकतात आणि गाणं लावून दहा मिनिटांचा व्हिडिओ करून देतात. मागितला तर तोही करून दे. पण पूर्ण कॅसेट जशीच्या तशी दिल्याशिवाय नाही.

चित्रात चौकोन-चौकोन येतात म्हणालीस, ते वेगळं दुखणं. मिनी डीव्ही कॅमेऱ्यातला डोक्यांचा, म्हणजे हेडचा, ड्रम मिनिटाला ९,००० फेरे घेतो, आणि टेपवरची प्रत्येक रेघ १० मायक्रॉन रुंदीची असते. आपल्याकडचं एक चित्र अशा बारा रेघांत लिहिलेलं असतं. माणसाचा केस त्या रेघेच्या कितीतरी पट जाड. आता विचार कर, सातऱ्यावर मिरचीचे देठ खुडून आलेली बाई तशाच हातानं कॅसेट देते, वर एप्रिल-मेची धूळ, काय होत असेल. तपासायची रीत सोपी आहे. ज्या जागी चौकोन आले ती जागा मागं घेऊन पुन्हा लाव. दोन्ही वेळा तिथंच आले तर टेपचा दोष, जागा बदलली तर डोकं मळलं आहे. डोकं मळलं असेल तर कोरडी क्लीनिंग कॅसेट तिच्यावर लिहिलं असेल तेवढेच सेकंद चालव, सहसा दहा. पुन्हापुन्हा चालवू नको, ती डोकं घासते. टेपचा दोष असेल तर दुसऱ्या कॅमेऱ्यात लावून बघ, शक्य झालं तर ज्या कॅमेऱ्यानं रेकॉर्ड केली त्यातच. पैसे वाचवायला एलपीवर रेकॉर्ड केलेल्या कॅसेटींच्या रेघा आणखी बारीक, ६.७ मायक्रॉनच्या. एका कॅमेऱ्याची एलपी दुसऱ्याला वाचता येत नाही असं पुष्कळदा होतं. त्या शूटिंगवाल्याचा जुना कॅमेरा त्याच्या माळ्यावर पडला असेल. विचारायला लाजू नको.

कूलरच्या झोतात मात्र काम करू नको. मला माहीत आहे त्या खोलीत मेमध्ये बसवत नाही. पण कूलरची दमट हवा ड्रमवर बसली की टेप त्याला चिकटते. कॅमेऱ्यानं दवाची खूण दाखवली तर कॅसेट काढ, झाकण उघडं ठेव, तासभर थांब. टेपवर पांढरी जाळी दिसली तर ती बुरशी. ती कॅसेट कॅमेऱ्यात घालूच नको, नाहीतर पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागेल. ती वेगळ्या पिशवीत बांधून माझ्याकडे आण.

मंगलाष्टकांत ओठ आणि आवाज जुळत नसतील, तर आधी बघ की सुरुवातीपासूनच तेवढाच फरक आहे की हळूहळू वाढत जातो. तेवढाच असेल तर आवाज टाइमलाइनवर सरकव. वाढत जात असेल तर बहुतेक कॅमेऱ्यानं आवाज ३२ किलोहर्ट्‌झवर घेतला आहे आणि तुझा प्रोजेक्ट ४८ चा आहे. घरगुती कॅमेरे मुळातच ३२ वर, म्हणजे १२ बिटवर लावून यायचे आणि कुणी ते बदलायचं नाही. नवीन प्रोजेक्ट ३२ चा उघड. कधी एकाच कॅसेटीत दोन्ही असतात, तिथं तुकडे वेगळे घ्यावे लागतात. संगणकावर चित्र छान, पण टीव्हीवर नाचणारी माणसं थरथरताना दिसली, तर फील्डचा क्रम उलटा लागला आहे. डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी, एवढं ध्यानात ठेव. आणि जुनं ४:३ चं चित्र ताणून रुंद पडद्याला भरू नकोस. दोन बाजूंना काळं राहू दे. आपल्या आईला कुणी बुटकी आणि पसरट करून दाखवलेलं कुणालाच आवडत नाही.

वायरीचं सांगायचं राहिलं. ऑनलाइन एका टोकाला फायरवायर आणि दुसऱ्याला यूएसबी असलेली स्वस्त वायर मिळते, ती घेऊ नको. तिच्यात रूपांतर करणारं काहीच नसतं, कॅमेरा दिसणारच नाही. खरं फायरवायर कार्ड लावलेला जुना डेस्कटॉप हवा, आणि विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत फायरवायरचा 'लेगसी' ड्रायव्हर निवडावा लागतो. कॅमेरा 'कॅमेरा'वर नाही, 'प्ले'वर हवा. मोठ्या सहा पिनांच्या टोकातून वीजही जाते. ते उलटं घुसवलं तर पोर्ट जळतं, म्हणून दोन्ही बंद करून वायर लाव. सीताबर्डीच्या बाजारात जाशील तेव्हा जुनी कार्डं विचार, भंगारात निघालेली बरी असतात. ही यंत्रं आता नव्यानं होत नाहीत गं. व्हीएचएसचे व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी फुनाई, तिनं जुलै २०१६ मध्ये ते बंद केले. ॲपलनं २०२५ च्या मॅकओएसमधून फायरवायर काढून टाकलं. युनेस्कोनं २०१९ मध्येच जगभरच्या संग्रहांना सावध केलं होतं, की २०२५ च्या सुमारास टेप वाचणारी यंत्रं मिळेनाशी होतील. ती वेळ येऊन ठेपली आहे. तुझ्या माळ्यावरचा तो काळा डेस्कटॉप कुणी भंगारात मागितला तरी देऊ नको.

कॅप्चर झालेली मूळ फाइल तशीच ठेव, तिच्यावर काही करू नको. पेन ड्राइव्हवर द्यायची ती तिची छोटी प्रत. तुझ्याकडे आलेल्या सगळ्या बावीस कॅसेटींचे तीनशेच्या आत जीबी होतील, एक हजार जीबीच्या डिस्कवर आरामात मावतात. अशा दोन डिस्क घे, एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे.

आणि लोकांशी बोलताना "होईल" असं आधीच म्हणू नको. "बघते आणि चार दिवसांनी सांगते" म्हण. कुणी "पोरीला काय जमणार" म्हटलं, तर वाद घालू नको, पण कॅसेट त्याच्यासमोर वहीत लिहून घे, त्याची सही घे, खटका सरकवून दाखव. कॅसेट वाचली नाही तरी ती फेकायला सांगू नको. आज माझ्याकडून न वाचलेली उद्या दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात वाचली, असं मी दोनदा पाहिलं आहे.

रविवारी सकाळी ये. माझा जुना कॅमेरा आणि क्लीनिंग कॅसेट काढून ठेवते. मांढळच्या बाईच्या चारही कॅसेटी आण, पण स्कूटीच्या डिकीत टाकू नको, ऊन पंचेचाळिसाला टेकलं आहे. पर्समध्ये, उभ्या ठेवून आण.